काळी चार, यमन आणि माझी सी–जी–ए मायनर–एफ: नक्की कुठे बिघडतंय?

षट्तारी

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या कोजागरीला गच्चीवर चाळीस मिनिटांचा गाण्यांचा कार्यक्रम आहे (कोथरूड). साथीला पेटी, तबला, एक कीबोर्ड आणि माझी अकूस्टिक गिटार. गाणाऱ्या काकूंची पट्टी काळी चार (जी शार्प), आणि अर्धा सूरही खाली-वर चालणार नाही असं आधीच सांगितलंय.

हिंदी-इंग्रजी गाण्यांना सी–जी–ए मायनर–एफ किंवा जी–डी–ई मायनर–सी फिरवत ठेवलं की बहुतेक वेळा निभावतं. भावगीतं घेतली की मात्र घोटाळा होतो. यमनसारख्या चालीत चौथी कॉर्ड आली की पेटीवाले काका भाता थांबवून म्हणतात, "तुमचा मध्यम चुकतोय." भीमपलासच्या वळणाच्या गाण्यात मायनर कॉर्ड लावल्या, तर अर्ध्या जुळतात आणि अर्ध्या टोचतात. भैरवीत तर काहीच धड बसत नाही.

कुठल्या चालीला कुठल्या कॉर्ड्स हे ठरवायचं कसं? काळी चारमध्ये बॅरे (एका आडव्या बोटाने सगळ्या तारा) न दाबता वाजवता येईल का? आणि कॉर्ड बदलायची किती मात्रांनी? पाश्चात्त्य थिअरी जेमतेम येते, सरगम वाचता येते.

---

बारा_स्वर

सरगम येते ना, मग त्यातच बोलू. कॉर्डला इंग्रजी अक्षराऐवजी स्वराचं नाव द्या. तुमचं सी–जी–ए मायनर–एफ म्हणजे सा–प–ध–म. जी–डी–ई मायनर–सी हेही सा–प–ध–म, फक्त पट्टी वेगळी. हीच साखळी ध पासून सुरू केली (ध–म–सा–प) की तिचा उदास अवतार मिळतो. जुन्या इंग्रजी प्रेमगीतांतली सा–ध–म–प, आणि तीन कॉर्डवर चालणारी सा–म–प, एवढ्यात लोकप्रिय संगीताचा बराच मोठा ढीग आटोपतो.

पण या सगळ्या साखळ्या एका गृहीतावर उभ्या आहेत: सातही स्वर शुद्ध, म्हणजे आपला बिलावल थाट (थाट म्हणजे सात स्वरांचा ठरलेला संच). त्यातून एक सोडून एक असे तीन स्वर उचलले की कॉर्ड तयार होते. सा-ग-प मेजर, रे-म-ध मायनर, ग-प-नी मायनर, म-ध-सा मेजर, प-नी-रे मेजर, ध-सा-ग मायनर, नी-रे-म डिमिनिश्ड. थाट बदलला की या यादीतली मेजर-मायनरची वाटणी बदलते, तरी आपण जुनीच यादी वाजवत राहतो. काकांची तक्रार नेमकी हीच आहे.

यमन बघा. मध्यम तीव्र. 'म' ची मेजर कॉर्ड म्हणजे शुद्ध म-ध-सा. गाणारी तीव्र म घेणार आणि तुम्ही खाली शुद्ध म ठेवणार, दोन्हींत अर्ध्या सुराचं अंतर, टोचणारच. इथवर सगळ्यांच्या लक्षात येतं. पुढच्या दोन चुका मात्र हमखास होतात. 'रे मायनर' मध्येही शुद्ध म आहे (रे-म-ध), म्हणून यमनात रे ची कॉर्ड मेजर होते. आणि 'प सात' मध्येही तो लपलेला असतो, कारण प-नी-रे वर चढणारा चौथा स्वर म्हणजे शुद्ध म. तेव्हा यमनात प ची साधी मेजर चालते, सात लावलेली नाही. पाश्चात्त्य सवयीने प्रत्येक शेवटाआधी सात लावणाऱ्यांचा यमन इथेच मोडतो.

आता कॉर्ड निवडायची कशी. चालीत ज्या स्वरावर गाणारी थांबते, किंवा जो स्वर जोरकस मात्रेवर येतो, तो कॉर्डमध्ये असायला हवा. मधले पळते स्वर कॉर्डबाहेर असले तरी बिघडत नाही. प्रत्येक स्वर तीन कॉर्ड्समध्ये सापडतो, उदाहरणार्थ ग हा सा, ग आणि ध या तिन्हींत आहे. म्हणजे निवडीला जागा राहते, आणि चव तिथेच असते.

एक ओळ घेऊ, केरव्यात (आठ मात्रांचा ताल). सोयीसाठी सा = जी धरतो (काळी चारला कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर; पुढची सगळी नावं हाताच्या आकाराची):

नी रे ग – | रे ग म प | प म ग – | रे – सा –

(नी मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला, म दोन्हीकडे तीव्र.)

पहिल्या चार मात्रा ग वर टेकतात, तिथे जी. दुसऱ्या चारांत जोर रे वर आणि पाठोपाठ तीव्र म, म्हणून ए मेजर (ए, सी शार्प, ई). तिसऱ्या गटात प पासून उतरून ग वर मुक्काम. इथेही जी चालेल, पण बी मायनर जास्त गोड लागते, कारण प आणि ग दोन्ही तिच्यात आहेत आणि तिचा नी वरच्या सा ची वाट बघायला लावतो. शेवटी रे ला डी, सा ला जी. झाली साखळी: जी – ए – बी मायनर – डी, जी. यात सी कुठेच नाही, ए मायनर नाही, डी सात नाही.

चालीत शुद्ध म दोन गंधारांच्या मध्ये हलकेच डोकावत असेल (ग म ग रे, म्हणजे यमन कल्याणचं वळण), तर त्याच्यासाठी सी घाईने दाबू नका. जी वरच थांबा, तो स्वर जसा आला तसा जाईल.

बाकीचे थाट त्रोटक सांगतो. काफीत (भीमपलास, बागेश्री याच घरातले) ग आणि नी कोमल, ध शुद्ध. म्हणून सा मायनर, प मायनर, पण म मेजर. आसावरीत ध पण कोमल, तिथे म मायनर. इंग्रजी मायनर गाण्यांच्या साखळ्या बहुतेक आसावरीच्या असतात, त्या भीमपलासाला लावल्या की तुमचं अर्धं जुळतं, अर्धं टोचतं. खमाजात चढताना शुद्ध नी म्हणून प मेजर, उतरताना कोमल नी म्हणून प मायनर किंवा थेट कोमल नी ची मेजर. भैरवात रे आणि ध कोमल, ग आणि नी शुद्ध. तिथे प ची मेजर लावली की तिचा पाचवा सूर शुद्ध रे येतो आणि भैरव संपतो. त्याऐवजी कोमल रे ची मेजर लावा आणि तिथून सा मेजरवर उतरा.

गाण्याचा थाट माहीत नसेल तर पेटीवर चाल सावकाश वाजवून घ्या आणि फक्त पाच स्वरांची चौकशी करा: रे, ग, म, ध, नी. प्रत्येक शुद्ध आहे, विकृत (कोमल किंवा तीव्र) आहे की दोन्ही, हे कागदावर मांडलं की पाच मिनिटांत कॉर्डची यादी हातात येते.

---

बॅरे_नको

थिअरी वर आली आहेच, मी हातापुरतं बोलतो. आकडे जाड तारेकडून बारीक तारेकडे, × म्हणजे ती तार वाजवायची नाही.

काळी चार म्हणजे जी शार्प. मेजर अंगाची गाणी (बिलावल, यमन, खमाज, भूप): कॅपो 1, जी चे आकार. मायनर अंगाची (काफी, आसावरी, भैरवी): कॅपो 4, ई मायनरचे आकार. संपूर्ण कार्यक्रम या दोन जागांत होतो. कॅपो 1 वर जी मायनर दाबत बसू नका, त्याने हात दुखतो आणि तिसऱ्या गाण्यापासून तारा खरखरायला लागतात.

कॅपो 1 साठी एक युक्ती. अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (पहिली तार म्हणजे सगळ्यात बारीक). ही दोन बोटं गाणंभर उचलायचीच नाहीत. तिथे डी आणि जी वाजतात, म्हणजे तुमचे प आणि सा, थोडक्यात हातात तंबोरा. आता खालची दोनच बोटं हलवा:

जी 320033
ई मायनर सात 022033
सी ॲड नऊ ×32033
डी सस चार ××0233
ए सात सस चार ×02033

सुगम संगीतात हे झकास मिसळतं, कारण वरचे दोन स्वर हलत नाहीत आणि कॉर्ड बदलताना झटका लागत नाही. यमनात यातली सी ॲड नऊ वर्ज्य (शुद्ध म). ए सात सस चारमध्ये मध्यम कुठलाच नाही, त्यामुळे म बद्दल शंका असेल तिथे ती निर्धास्त लावा. तीव्र म ठसठशीत हवा तिथे नेहमीची ए ×02220.

भूपातल्या चालींना तर हा संच (सी ॲड नऊ सोडून) मोजून शिवल्यासारखा बसतो. भूपात म आणि नी दोन्ही नाहीत, त्यामुळे तीन स्वरांच्या पूर्ण कॉर्ड्स दोनच मिळतात, जी आणि ई मायनर. साधी डी लावली की एफ शार्प म्हणजे नी आला. डी सस चार किंवा ए सात सस चार लावा, एकही परका स्वर नाही.

वरच्या यमनाच्या ओळीतली बी मायनर बॅरेशिवाय: ×20232. म्हणजे नेहमीची डी, आणि पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट. बोटं चार लागतात पण आडवं बोट नाही. ही खरं तर बी मायनर सात आहे, तिचा जास्तीचा सूर रे, तो यमनात चालतोच.

कॅपो 4, ई मायनर आकारांचं गणित तर फारच सोपं आहे:

भीमपलास, बागेश्री वगैरे काफीवाले: ई मायनर, ए, डी, जी. अडलंच तर बी मायनर (वरचीच ×20232).
आसावरीवाले: ई मायनर, ए मायनर, सी, डी, जी.
भैरवी: ई मायनर, ए मायनर, एफ, डी मायनर, सी, जी.

भैरवी गिटारवर अवघड वाटते ती फक्त चुकीच्या जागेवरून वाजवल्यामुळे. ई पासून सगळ्या पांढऱ्या पट्ट्या म्हणजे भैरवी थाट, त्यामुळे सगळे उघड्या तारांचे आकार मिळतात. एफ बॅरे नको असेल तर ××3210, याला एफ मेजर सात म्हणतात, आणि जास्तीचा सूर ई म्हणजे तुमचा सा च. शेवटाला एफ वरून ई मायनरवर आलात की कोमल रे सा वर टेकतो. भैरवीची ती ओळखीची उतरण आपोआप ऐकू येते.

कॅपो फ्रेटच्या तारेला अगदी खेटून मागे लावा, मध्यात नाही. लावल्यावर पुन्हा ट्यून करा, विशेषतः जाड तारा, त्या ताणून वर जातात. गाणं बदलताना 1 वरून 4 वर जायला आणि ट्यून तपासायला निवेदनाएवढा वेळ लागतो. म्हणून गाण्यांचा क्रम लावताना मेजरवाली एकत्र, मायनरवाली एकत्र ठेवा. भैरवी तशीही शेवटीच असते.

---

भाता_सांभाळून

पेटीवाल्यांच्या बाजूने चार शब्द. काका भाता थांबवतात ते हौसेने नाही.

पहिलं म्हणजे सूर मिळवणं. गिटारवाले मोबाईलवरचा ट्यूनर हिरवा झाला की निश्चिंत होतात. पेटीचा ए मात्र 440 हर्ट्झला (ट्यूनरच्या नेहमीच्या संदर्भाला) असेलच असं नाही, जुनी असेल तर बहुधा नसते. आणि पेटीचे सूर ऐनवेळी कुणी बदलत नाही, तेव्हा जुळवून घ्यायचं ते तुम्हीच. पेटीची ए ची पट्टी (पांढरी सहा) दाबून धरायला सांगा, एकच स्वरपट, भाता एकसारखा. ट्यूनर किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) दाखवतो ते बघा. 8 सेंट वर असेल तर ट्यूनरचा संदर्भ 442 करा, 20 सेंट वर असेल तर 445. मग सगळी गिटार त्यावर मिळवा. कीबोर्डलाही सूक्ष्म ट्यूनिंगची सोय असते, तिथेही तोच आकडा. दोन वाद्यांत 10-12 सेंटचा फरक राहिला तर कॉर्ड बरोबर असूनही सगळं आंबल्यासारखं लागतं, आणि मग दोष उगाच मध्यमावर जातो.

दुसरं. पेटी स्केल चेंजर असेल तर वाजवणाऱ्याच्या बोटांकडे बघून कॉर्ड ओळखू नका. पट्ट्या सरकवलेल्या असतात. ते पांढरी एकवर सा धरून वाजवत असतील आणि ऐकू येत असेल काळी चार. विचारायचं झालं तर "सा कुठला" एवढंच विचारा, आणि त्यांना "जी शार्प" सांगू नका, काळी चार म्हणा. कामं भराभर होतात.

तिसरं, आणि यावर माझं मत जरा कडवट आहे. प्रत्येक स्वराखाली कॉर्ड बदलायची गरज नसते. गाणारी ग वरून मींडेने, म्हणजे सलग घसरत, रे वर येत असते, आणि मध्येच गिटारवाला कॉर्ड बदलून तिच्या वाटेत पायरी ठेवतो. मींड चालू असताना हात स्थिर ठेवा, स्वर टेकला की बदला. आलापाला आणि मोकळ्या सुरुवातीला तर कॉर्ड नकोच. सा आणि प च्या तारा हळू छेडत राहा, तेवढं पुरे. पुण्यात रसिक असा आहे की कॉर्ड कमी पडली म्हणून कुणी हटकणार नाही, जास्त झाली तर मध्यंतराच्या चहाला नक्की हटकेल.

---

पांढरी_एक

कीबोर्डवाल्यांसाठी एक नियम चिकटवून ठेवा: कॅपो जितका, ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम सरकवण्याची सोय) तितका. गिटारचा कॅपो 1 असेल तर कीबोर्ड +1, कॅपो 4 तर +4. मग दोघंही एकाच भाषेत बोलतात, "जी, ए, बी मायनर, डी", आणि तालमीत गोंधळ होत नाही. ट्रान्सपोज गाण्यागणिक बदलायला विसरणं हा सगळ्यात जास्त होणारा अपघात आहे. प्रत्येक गाण्याच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात आकडा लिहा.

कॉर्ड हातात घेताना दर वेळी मूळ स्थितीत (पायाचा सूर सगळ्यात खाली) उडी मारू नका. सा–प–ध–म ही साखळी पांढरी एकमध्ये अशी वाजवा:

सी-ई-जी, मग बी-डी-जी, मग सी-ई-ए, मग सी-एफ-ए.

बोटं एक-दोन पट्ट्यांपलीकडे जात नाहीत, त्यामुळे आवाज सलग राहतो. सगळ्या कॉर्ड्स मूळ स्थितीत वाजवल्या तर वरचा सूर उड्या मारतो, आणि श्रोत्याच्या कानाला ती दुसरीच चाल वाटते. गाणाऱ्याच्या चालीशी तिची टक्कर होते.

डाव्या हाताने कॉर्डचा फक्त पाया, फार तर पाया आणि त्याचा पाचवा सूर. मधल्या सी च्या खालच्या सप्तकात तीन-तीन बोटं दाबलीत की गडगडाट होतो, आणि तबल्याचा डग्गा त्यात बुडतो. गिटार आणि कीबोर्ड दोन्ही असतील तर वाटणी करून घ्या: गिटारला ठेका, कीबोर्डला लांब धरलेले स्वर. ध्रुवपदाला दोघांनी एकदम वाजवलं तर अंतऱ्याला एकाने थांबावं. आणि तबला असताना कीबोर्डचा स्वयंचलित रिदम बंद, हे सांगायला नको, पण सांगतो.

अवांतर: सा–प–ध या ओळीवरून उतरणाऱ्या साखळ्या काही आजच्या नाहीत. योहान पाखेलबेल (1653–1706) यांच्या प्रसिद्ध डी मेजर कॅननमध्ये खर्जाला आठ कॉर्ड्सची एकच साखळी अखेरपर्यंत फिरते: डी, ए, बी मायनर, एफ शार्प मायनर, जी, डी, जी, ए. सरगमेत सांगायचं तर सा–प–ध–ग–म–सा–म–प. बिलावलच्या चालींवर ही आठी लावून बघा, चारच्या चौकटीपेक्षा ऐसपैस वाटते.

---

ठेका_धरा

कॉर्ड किती मात्रांनी बदलायची याचं उत्तर राहिलं.

केरवा (धा गे ना ती ना के धी ना): पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. लय चढी असेल तर आवर्तनाला एकच कॉर्ड.
दादरा (धा धी ना धा ती ना): पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. हात असा: पायाची तार, झणकार, झणकार, आणि पुन्हा तेच.
रूपक (ती ती ना धी ना धी ना): तीन-दोन-दोन. बदल पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, हवाच असेल तर सहाव्यावर. रूपकाची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) खाली, म्हणजे रिकामी, असते; तिथे डग्ग्याचा घुमारा नसतो. गिटारवाले चौथ्या मात्रेवरच्या धी ला सम समजतात आणि सगळं गाणं तीन मात्रांनी सरकतं. तिथे पहिल्या मात्रेला पायाची तार हलकी आणि चौथीला ठाशीव वाजवा, म्हणजे तबल्याच्या वजनाशी जुळेल.

हमखास होणारी दुसरी चूक मुखड्याच्या उठावाची. पुष्कळ भावगीतांचा मुखडा समेवर सुरू होत नाही. केरव्यात तो पाचव्या मात्रेवरून उचलतात आणि महत्त्वाचा शब्द समेवर येतो. पहिल्या शब्दाबरोबर पहिली कॉर्ड वाजवली की प्रत्येक बदल खालीवर पडायला लागतो. गाणं चालू राहतं, पण काहीतरी उलटं चाललंय असं वाटत राहतं. कागदावर शब्दांच्या वर समेची खूण (×) करा आणि पहिली कॉर्ड त्या खुणेवर वाजवा. उठावाखाली गप्प बसा, किंवा प ची तार एकदा छेडा.

---

षट्तारी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून दोन गाण्यांचे कागद केले आहेत, जरा नजर टाकाल का?

यमनवालं, कॅपो 1, केरवा, चार-चार मात्रा:
जी | ए मायनर | बी मायनर सात | डी सात, जी

भैरवी, कॅपो 4, दादरा, तीन-तीन मात्रा:
ई मायनर | एफ मेजर सात | ए मायनर | ई मायनर | सी | ए मायनर | बी सात | ई मायनर

बी सात मी शेवटाला ओढ लागावी म्हणून घातली. आणि एक शंका: यमनाच्या अंतऱ्यात चाल वरच्या सा पर्यंत जाते आणि प वर रेंगाळते. तिथे ध्रुवपदाचीच साखळी फिरवू का?

---

बारा_स्वर

यमनात ए मायनरची ए मेजर करा, सवयीने लिहिलं गेलंय. डी सातची साधी डी. बाकी ठीक.

भैरवीच्या बी सातबद्दल: त्या कॉर्डमध्ये बी, डी शार्प, एफ शार्प आणि ए. डी शार्प म्हणजे शुद्ध नी, एफ शार्प म्हणजे शुद्ध रे. गाणारी त्या जागी कोमल रे वरून सा वर येत असेल तर रे-रे ची सरळ टक्कर होईल. पण सुगम गायनात भैरवीत बाराही स्वर हिंडतात, त्यामुळे काकू त्या शब्दावर खरोखर शुद्ध रे किंवा शुद्ध नी घेत असतील तर बी सातच बरोबर. ती एक ओळ पेटीवर सावकाश वाजवून घ्या आणि त्यावर ठरवा. कोमल रे निघाला तर बी सातच्या जागी डी मायनर. त्यात कोमल नी, कोमल रे आणि म असे तिन्ही घरचे स्वर आहेत, आणि ई मायनरवर उतरताना ओढही लागते. थोडी मऊ लागते एवढंच.

अंतऱ्यात ध्रुवपदाची साखळी जशीच्या तशी नको. चाल प वर रेंगाळते तिथे डी किंवा बी मायनर सात धरून ठेवा, जी टाळा. वरचा सा येईपर्यंत जी राखून ठेवलीत तर तो सा आल्याचं कळतं. वरच्या सा वरही आधी ई मायनर लावा (त्यातही सा आहे), आणि ध्रुवपदाला परतताना डी, मग समेवर जी.

---

बॅरे_नको

भैरवीत सी वरून ए मायनर घेताना अनामिका तेवढी हलवा, पहिली दोन बोटं जागची उचलू नका. दादऱ्यात तीन मात्रांत बदल बसवायला तेवढीच फुरसत असते.

आणि कार्यक्रम गच्चीवर म्हणालात. कोजागरीला रात्री हवा उतरते, थंडीने तारा आखडतात आणि गिटार वर चढते. दिव्याच्या झोताखाली बसलात तर उलट, तारा तापून खाली येतात. अर्धा तास आधी गिटार खोक्यातून काढून जिथे बसणार तिथेच ठेवा, मग मिळवा. मायनरच्या गाण्यांना कॅपो 4 वर नेल्यावर पेटीचा सा एकदा वाजवून घ्या, निवेदन चालू असतानाच.

---

भाता_सांभाळून

पेटीचा सा मागताना "काकू, एक मिनिट" असं माईकवर नको. काकांकडे नुसतं बघा, ते देतील.